चौपेडी वेणी

त्या दुपारी मला गावात व्हिनेगर आणायला पाठवलं होतं, तिथपासूनच सांगते. दिवा तेवढा जरा मोठा कर.

नोव्हेंबरचे दिवस होते. सॉल्टगार्थची आमची शाळा गावाबाहेर, समुद्रकाठच्या उंचवट्यावर एकटीच उभी होती. पूर्वी ते कुणा मिठाच्या व्यापाऱ्याचं घर होतं. भिंतींत मीठ इतकं मुरलेलं, की दमट हवेत त्या आतून घाम फुटल्यासारख्या पाझरायच्या. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. वडील गावोगावच्या चर्चमध्ये बदली धर्मगुरू म्हणून राबले आणि तसेच गेले. मागे मी एकटी. शाळेच्या मुख्य ऑर्डबाईंनी मला ठेवून घेतलं. सकाळी लहान मुलींना शिकवायचं, दुपारी मोठ्या मुलींत बसून स्वतः शिकायचं, आणि मधल्या वेळात समोर येईल ते काम उपसायचं. मुली मला तोंडावर 'मिस रॉब्सन' म्हणायच्या आणि पाठीमागे 'अर्ध्या बाई'.

पहाटे हात धुवायच्या भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असायची. ती बुक्कीनं फोडून तोंड धुवायचं. मग ओटची लापशी. "हिच्यात चमचा उभा राहतो, मिस, आपण बसलो तरी चालेल का?" असं एकदा ड्रुसिलानं विचारलं आणि दुपारचं जेवण गमावलं. पाठीला फळी बांधून ताठ बसायचं, शिवण शिवायचं, फ्रेंच घोकायचं. बोटं थंडीनं सुजून लाल व्हायची, त्यांना बदकाची चरबी चोळायची. चुलीत जळायचा तो समुद्रानं किनाऱ्यावर फेकलेला कोळसा. त्याच्या धुरालासुद्धा शेवाळाचा वास. आणि रोज दुपारी दोघी-दोघींच्या रांगेनं किनाऱ्यावर फेरी. धुकं असलं तरी फेरी चुकायची नाही. धुकं उतरलं की एव्हरिल हेरॉन आपल्या धाकट्या बहिणीच्या वेणीचं टोक हातात धरून चालायची. "हरवलीस तर तुला शोधत कोण बसणार?" असं म्हणायची.

ही एव्हरिल ऑक्टोबरात गेली.

ठिपक्यांचा ताप आला होता शाळेत. चौघी अंथरुणाला खिळल्या. वरच्या मजल्यावरची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली. शहरातून डॉक्टर आले, त्यांनी चौघींची डोकी भादरायला लावली. त्या काळी तसंच करायचे, म्हणजे डोक्यातली उष्णता उतरते म्हणे. आमची स्वयंपाकीण पेग हिनं ते सगळे केस चुलीत घातले. एव्हरिलचे केस घासलेल्या तांब्याच्या रंगाचे, कमरेपर्यंत. जळताना त्यांचा वास घरभर पसरला आणि दोन दिवस पडद्यांतून गेला नाही. तिघी उठल्या. चौदा वर्षांची एव्हरिल उठली नाही.

धाकटी लेटिस तेव्हा आठ वर्षांची होती. आई तिच्या जन्मालाच गेलेली. बाप जहाजाचा कप्तान, रिगाहून लाकूड आणायला गेलेला. लेटिसला सांगणार कोण? ऑर्डबाईंनी आम्हाला बजावलं, "कप्तान येईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. एव्हरिल हवापालटाला आत्याकडे बेरिकला गेली आहे. कळलं? पोरगी बापाच्या मांडीवर बसून ऐकेल, तेच बरं." बाई दुष्ट नव्हत्या हो. त्यांचे डोळे रडून सुजले होते. शवपेटी नेली त्या सकाळी त्यांनी सगळ्या मुलींना वर्गात बसवलं आणि स्तोत्रं म्हणायला लावली, मोठ्या आवाजात, अंगणातल्या गाडीची चाकं ऐकू येऊ नयेत म्हणून. सगळ्यांत मोठा आवाज लेटिसचा होता.

तर ताप गेला होता, पण बाईंचं समाधान होत नव्हतं. वरची खोली पुन्हा एकदा व्हिनेगरनं पुसून काढायची, म्हणून मला गावात धाडलं. परत येता येता समुद्रावरून धुकं चढलं. असं धुकं, की पायाखालची वाट दिसते पण पुढं टाकायचं पाऊल दिसत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरले, शाल झटकली आणि बाटली घेऊन जिना चढू लागले. जिन्याच्या वळणावर खिडकीशी एक लाकडी बाक होतं. तिथे लेटिस बसली होती. पाठ भिंतीकडे नव्हे, खिडकीकडेही नव्हे; मोकळ्या जिन्याकडे पाठ करून, हात मांडीवर, मान ताठ. कुणी केस विंचरत असताना बसावं, तशी.

"इथे काय करतेस गं गारठ्यात?"

"झालंच," ती म्हणाली. आणि मान वळवली.

तिची वेणी घातलेली होती. चौपेडी.

आता यात एवढं काय, असं तुला वाटेल. सांगते. आमच्याकडे सगळ्या मुलींच्या वेण्या तीन पेडांच्या. चौपेडी फक्त या दोघी बहिणींची. कप्तानानं दोर वळताना एव्हरिलला शिकवलेला पेच तो, चपटा, घट्ट, एकात एक अडकलेला. एव्हरिल गेल्यापासून लेटिसची वेणी मी घालत होते. माझी तीनपेडी तिला आवडायची नाही. दुपारपर्यंत ती सोडून टाकायची. म्हणायची, "ही आमची नाही."

"कुणी घातली गं?" मी विचारलं.

"ताईनं."

"लेटी, ताई बेरिकला आहे ना?"

"हो ना!" ती हसली. "किती लांबून येते बिचारी. म्हणून तर हात इतके गार असतात तिचे."

मी वेणीला हात लावला. ती ओली होती. धुक्यात बाहेर गेली असेल पोर, असं म्हणावं तर तिचा झगा कोरडा होता, बूट कोरडे होते. आणि वेणीला वास येत होता कापराचा नि व्हिनेगरचा, वरच्या खोलीतला. माझ्याच हातातल्या बाटलीचा असेल, असं मी मनाला समजावलं. बाटलीचं बूच मेणानं बंद होतं.

संध्याकाळी मी पेगला विचारलं. ती मासे खारवत होती. "मी?" ती म्हणाली. "मला सुतळीची गाठ धड मारता येत नाही, मी वेण्या कसल्या घालतेय! त्या ड्रुसिलेला विचारा. सगळ्या उचापतींचं मूळ तीच."

ड्रुसिला बारा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. एरवी तिला काही विचारावं तर उत्तराआधी टोमणा यायचा. त्या संध्याकाळी ती खाली बघून म्हणाली, "मिस, उद्यापासून लेटिसला माझ्या मागे बसवू नका."

"का?"

"नका बसवू एवढंच."

आमच्याकडे सकाळी वेण्या घालायचं एक ठरलेलं होतं. वर्गात एक लांब बाक, त्यावर मुली एकीमागे एक बसायच्या आणि प्रत्येकीनं पुढचीची वेणी घालायची. सगळ्यांत शेवटी लेटिस, कारण ती सगळ्यांत लहान; तिला दुसऱ्यांचे केस धड विंचरताही यायचे नाहीत. ती जे काही करायची ते ड्रुसिलाच्या वाट्याला यायचं. लेटिसच्या मागे कुणी नाही. तिची वेणी सगळ्यांत शेवटी मी घालायची.

"तिनं केस ओढले का तुझे?" मी विचारलं.

"ती नाही ओढत." ड्रुसिलाचा आवाज बारीक झाला. "ती माझी वेणी घालते ना, तेव्हा तिचे हात मधेच मागे जातात. म्हणजे... तीच मागे जाते. कुणीतरी तिला ओढतं. मला पाठीला कळतं ते. आणि बाक, मिस... बाक मागच्या बाजूनं खाली दबतं."

बाकीच्या मुली ऐकत होत्या. कुणी हसलं नाही.  मुली थट्टा करतात तेव्हा एक तरी खुदकन हसतेच गं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकाच्या पुढच्या टोकाला उभी राहिले. लख्ख उजेड होता. धुकं विरलं होतं, समुद्र खिडकीतून पत्र्यासारखा चमकत होता. अशा उजेडात कसली भीती, असं म्हणून मी उभी होते. मुली बसल्या. कंगवे चालू लागले. थोडा वेळ नुसता केसांचा सरसर आवाज.

मग लेटिसचं डोकं मागे गेलं. जरासंच. परत पुढे आलं. परत मागे. डावीकडे झटका, उजवीकडे झटका, मग मधे. तूही कुणाची वेणी घातली असशील; पेडावर पेड टाकून ओढ घेतली की समोरचीचं डोकं कसं हलतं, ते तुला माहीत आहे. अगदी तसंच. लेटिसनं डोळे मिटले होते. चेहऱ्यावर सुख होतं, मांजरीच्या पाठीवरून हात फिरवल्यावर असतं तसं.

मी भिंतीच्या कडेकडेनं मागे गेले.  तिच्या मागे बाकावर कुणी नव्हतं. वेणी मानेपर्यंत घातली गेली होती, खालचे केस मोकळे होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते मोकळे केस चार भागांत वेगळे झाले.

काय वाटलं कोण जाणे, मी हात पुढं केला आणि वेणीच्या त्या टोकाशी धरलं. माझ्या बोटांखाली बोटं होती. गार. ओली. कातडी सुटलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. ती दचकली नाहीत. माझी बोटं त्यांनी अलगद बाजूला सारली, कामात कुणी मधे आलं की आपण सारतो तशी, आणि पुढचा पेड घेतला.

  ड्रुसिला पुढे बघत रडत होती, आवाज न करता.

त्या दिवसापासून मी लेटिसला बाकावर बसू दिलं नाही. तिला माझ्या खोलीत घेतलं, माझ्याजवळ निजवलं, स्वतःच्या हातानं तिची वेणी घातली. उपयोग काय? मी पाणी आणायला वळले, एखादं पान उलटलं, नुसती शिंकले, की तेवढ्यात तीनपेडीची चौपेडी झालेली. आणि दर वेळी आधीपेक्षा घट्ट. कपाळाची कातडी ओढली जाऊन तिचे डोळे तिरपे दिसायला लागले. केसांच्या मुळांशी रक्ताचे बारीक थेंब. "दुखतं का गं?" विचारलं तर म्हणायची, "ताई म्हणते, सैल वेणी हातातून निसटते." पोरीनं जेवण टाकलं. लापशीची वाटी पुढं सारायची. गालांची हाडं वर आली.

एकदा दुपारी मी तिला स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवलं आणि वेणी सोडायला घेतली. बोटांनी सुटेना, शेवटी शिवणाच्या सुईनं एकेक पेच उकलला. लेटिसचे केस काळेभोर, आईसारखे. तीन पेड काळे निघाले. चौथा पेड तांबूस होता.

पेग पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"ते काय आहे?" ती म्हणाली.

 चुलीच्या उजेडात तो पेड घासलेल्या तांब्यासारखा चमकत होता.

"मी जाळले ते," पेग म्हणाली. "या हातांनी जाळले. राखसुद्धा मी उपसली... मिस, राखसुद्धा मी समुद्रात टाकली!" तिनं एप्रन तोंडावर ओढून घेतला आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली.

मी तो तांबूस पेड ओढला. मला वाटलं, वरून कुठूनतरी अडकवला असेल, निघून येईल. तो आला नाही. त्याचं एक टोक तिच्या केसांत गुंतलेलं होतं. दुसरं टोक लेटिसच्या डोक्याशी जात नव्हतं. ते तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे जात होतं. आणि दाराच्या उंबऱ्याजवळ, जिथे अंधार सुरू होतो, तिथे मला ते दिसेनासं झालं. मी पाहत असतानाच ते ताणलं गेलं.

मी लेटिसला कडेवर उचललं आणि थेट वर, ऑर्डबाईंच्या बैठकीच्या खोलीत गेले. दार न वाजवता. सॉल्टगार्थमध्ये आजवर तसं कुणी केलं नव्हतं.

बाई शेकोटीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, पोरीचं डोकं पाहिलं, आणि विचारलं नाही काय झालं म्हणून. तेव्हाच मला कळलं, की त्यांना माहीत आहे.

"बाई, हिला खरं सांगा," मी म्हणाले. "तिला वाटतंय बहीण जिवंत आहे, म्हणून ती हाकेला ओ देतेय. सांगून टाका. नाहीतर एव्हरिल हिला घेऊन जाईल."

"हळू बोल, केझाया."

"काय हळू बोलू? पोर वाळून चाललीय!"

बाईंनी शाल अंगाभोवती घट्ट ओढली. त्या उंच, करड्या बाई होत्या. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या शेकोटीकडे बघत म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. ती सारखी एकच विचारत होती. 'उद्या लेटीची वेणी कोण घालील? उद्या कोण घालील?' तोंड कोरडं पडलं होतं, तरी थांबेना. मी म्हटलं, 'तूच घालशील हो बाळ. उद्या, परवा, रोज तूच घालशील.' तेव्हा कुठे ती शांत झाली..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मरणाऱ्या लेकराला दुसरं काय सांगायचं असतं गं?"

 

लेटिस माझ्या कडेवरून उतरून बाईंपुढच्या लहान खुर्चीवर जाऊन बसली होती. बाहेर उजेड मावळायला लागला होता. धुकं पुन्हा खिडकीपर्यंत येऊन ठेपलं होतं. बाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सगळं सांगितलं. ताप, वरची खोली, गाडी, चर्चच्या आवारातली नवी माती. काही लपवलं नाही. सांगताना त्यांचे अश्रू त्या चिमुकल्या हातांवर पडत होते.

लेटिसनं ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गाडी गेली तेव्हापासून. मी मोठ्यानं गात होते ना, तेव्हा ती माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, अजून मोठ्यानं म्हण." तिनं बाईंकडे पाहिलं. "तिला तिथली वाट ठाऊक नाही, बाई. तिथे रोज धुकं असतं. ती म्हणते, एकटीला भीती वाटते. मी पुढे चालायचं, ती वेणी धरून मागे येईल. म्हणजे दोघी हरवणार नाही."

"कुठे... कुठे चालायचं?" बाईंनी विचारलं.

लेटिसनं दाराकडे बोट दाखवलं.

दार मी आत येताना लावलं होतं. ते उघडं होतं.

पुढचं सगळं क्षणात झालं. लेटिसचं डोकं मागे गेलं. या वेळी झटक्यानं नाही, हळू, सतत, थांबत नाही असं. मी उकललेली वेणी पुन्हा घातलेली होती; ती तिच्या पाठीवरून उचलली गेली आणि दाराच्या दिशेनं सरळ ताठ झाली, दोरीसारखी. खुर्चीचे पुढचे पाय जमिनीवरून उठले. बाईंनी तिचे हात सोडले नाहीत. त्या गुडघ्यांवर आल्या, पुढे ओढल्या गेल्या, त्यांच्या गुडघ्यांखाली गालिच्याच्या घड्या पडल्या. "एव्हरिल!" त्या ओरडल्या. "सोड तिला! मी खोटं बोलले गं, बाळ, मी खोटं बोलले!"

ओढ थांबली नाही. उलट वाढली. लेटिस आता पहिल्यांदाच रडायला लागली. "ताई, दुखतंय... ताई, थांब ना गं, दुखतंय..."

बाईंच्या शिवणाच्या टोपलीत कापड कापायची मोठी कात्री होती. मी ती उचलली आणि लेटिसच्या मानेशी, अगदी कातडीला लागून, वेणी कापायला सुरुवात केली. कापता येईना. ओल्या दोरखंडावर सुरी चालवावी तसं होत होतं. कात्रीची पाती घसरत होती, आणि प्रत्येक वेळी पात्यांवर गार बोटं येत होती. मारत नव्हती, ओरबाडत नव्हती. कात्री माझ्या हातातून काढून घ्यायला बघत होती, मोठी बहीण लहान मुलाच्या हातून काढून घेते तशी, समजावून. त्या हळुवारपणाचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मी डोळे मिटले आणि अंगातलं सगळं बळ लावलं.

कट् असा आवाज झाला. खुर्ची पुढे आपटली, लेटिस बाईंच्या अंगावर कोसळली. वेणी जमिनीवर पडली नाही. मी डोळे उघडले तेव्हा ती कुठेच नव्हती. जिन्यावरून कुणीतरी खाली उतरत गेल्याचा आवाज आला, अनवाणी, सावकाश. मग बाहेरचं दार वाजलं. मग काही नाही.

त्यानंतर काही झालं नाही. लेटिसला दोन दिवस ताप होता, मग उतरला. तिनं लापशी मागितली. भादरल्यासारखं दिसणारं तिचं डोकं बघून ड्रुसिला म्हणाली, "कोंबडीचं पिल्लू दिसतेस अगदी," आणि लेटिस तिला उशी फेकून मारायला धावली. तेव्हा मी आणि पेग स्वयंपाकघरात एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. बाई रोज चर्चच्या आवारात जाऊन यायच्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्याच्या अखेरीस कप्तान हेरॉन आले.

भर दुपारी आले, भाड्याची उघडी गाडी स्वतः हाकत. मोठा आडवातिडवा माणूस, वाऱ्यानं रापलेला, आल्या आल्या जिन्याखालूनच गडगडाटी आवाजात "कुठे आहेत माझ्या साळुंक्या?" म्हणणारा.  बाईंनी त्यांना बैठकीच्या खोलीत नेलं, मला चहा आणायला सांगितलं. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा बाईंचं सांगून झालं होतं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या.

कप्तान रडत नव्हते. ते गोंधळून बाईंकडे बघत होते.

"काहीतरी चुकतंय तुमचं," ते म्हणाले. "एव्हरिल मला मघाशी भेटली ना. चर्चच्या वळणावर. रस्त्याच्या कडेला उभी होती, मी गाडी थांबवली, चढली. काकडत होती नुसती. घोंगडी दिली पांघरायला. 'चल आत' म्हटलं तर मान हलवली. गाडीतच बसलीय ती."

 मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवून दिला.

आम्ही तिघंही बाहेर गेलो. गाडी रिकामी होती. पुढच्या बाकावर घोंगडी नीट घडी करून ठेवलेली होती. कप्तान कितीतरी वेळ त्या घडीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू कसा बदलला ते मला सांगता येत नाही. दुःखानं बदलतो तसा नव्हता तो.

"लेटीला तयार करा," ते म्हणाले. "आत्ताच निघतो."

बाईंनी फार विनवलं. रात्र इथे काढा, निदान लेकीची माती तरी बघून या, धुकं उतरतंय. ते ऐकेनात. चर्चच्या आवारात जायचं नाव काढलं तर नुसते म्हणाले, "तिथे कशाला जायचं?"

मी लेटिसला टोपी घातली, शालीत गुंडाळलं, फाटकापर्यंत घेऊन आले. कप्तानांनी तिला उचलून मागे बसवलं, पेट्यांच्या मधे.

"पुढे बसवा ना तिला, तुमच्या शेजारी," मी म्हणाले. "मागे वारा लागेल."

"पुढे जागा नाही," ते म्हणाले.

ते बाक चांगलं रुंद होतं. दोन माणसं ऐसपैस बसली असती.

त्यांनी घोंगडी उलगडली, शेजारच्या जागेवर काळजीपूर्वक पसरली, कडा आत खोचल्या, आणि लगाम उचलला. गाडी हलली. लेटिस मागून माझ्याकडे बघत होती. तिनं हात हलवला नाही. तिचे दोन्ही हात तोंडावर होते. मी काय करतेय ते मला कळायच्या आत मी गाडीमागे धावत सुटले होते. "कप्तान!" मी ओरडले. "कप्तान, थांबा! पोरीला खाली उतरवा!"

कप्तान हेरॉननी मागे वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं; शेजारी कुणाचा नुकताच डोळा लागला असावा, तसं. मग गाडी धुक्यात शिरली. हेरॉन घरातलं कुणी पुन्हा आमच्या किनाऱ्याला आलं नाही. पण ते बोट ओठांवर होतं तेवढ्या वेळात मी बाकाकडे पाहिलं होतं. ती घोंगडी सपाट नव्हती.